परक्या वर्गातला बाक

पुस्तकांच्या कोणत्याही मोठ्या दुकानात ‘पालकत्व’ आणि ‘परदेश’ ही दोन कपाटे एकमेकांपासून लांब असतात. पहिल्यात मुलाचा आत्मविश्वास कसा वाढवावा, हट्टी मुलाला कसे आवरावे, लाजाळू मुलाचे काय करावे, असली पुस्तके. दुसऱ्यात प्रवासवर्णने, अमेरिकेत स्थिरावलेल्यांच्या आठवणी, व्हिसापासून पाळणाघरापर्यंतच्या मार्गदर्शिका. पहिल्या कपाटापाशी लहान मुलांच्या आया रेंगाळतात; दुसऱ्यापाशी मुलगा न्यू जर्सीत असलेले आणि सहा महिन्यांसाठी तिकडे निघालेले आईवडील. या दोन गिऱ्हाइकांची गाठ पडत नाही आणि लेखकांचीही पडत नाही. आत्मसन्मानावर लिहिणारा मानसशास्त्रज्ञ मुलाच्या मनात डोकावतो, पण ते मूल कोणत्या गल्लीत राहते हे विचारत नाही. स्थलांतरावर लिहिणारा गल्ली, भाषा, हवामान, किराणा सगळे सांगतो. मूल मात्र त्याच्या पुस्तकात सामानाबरोबर आलेले असते.

हे पुस्तक दोन्ही कपाटांतली पुस्तके एका टेबलावर मांडते. आपली किंमत काय, हा प्रश्न मुलाला रिकाम्या खोलीत पडत नाही. घरची रीत एक आणि दाराबाहेरची दुसरी असली की तो पडतो, आणि त्याचे उत्तर मुलाला घरच्यांपेक्षा बाहेरच्यांच्या चेहऱ्यावर आधी वाचता येते. म्हणून बालपणीचा आत्मसन्मान आणि परक्या संस्कृतीत रुजणे हे दोन विषय वेगळे ठेवून वाचले की दोन्ही अर्धे राहतात, असे आमचे म्हणणे आहे.

असे पुस्तक सोलापुरातून निघावे याचे काहींना नवल वाटेल. सोलापूर म्हटले की चादर, शेंगाचटणी, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा आणि एप्रिल-मेमधले तापमान. परदेशी जाणाऱ्यांचे गाव म्हणून पुण्याचे नाव निघते. पण परक्या भाषेत, परक्या रीतीत मूल वाढवण्याचा अनुभव या शहराइतका जुना आणि इतका रोजचा फार थोड्या शहरांना असेल. १८७०च्या दशकात जुनी मिल उभी राहिली. तिच्या आगेमागे तेलंगणातून पद्मशाली विणकरांची कुटुंबे येत राहिली, आणि शहराच्या पूर्व भागात मागांच्या खडखडाटात तेलुगू बोलणारे एक गाव वसले. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या बाजूला घराघरांत कन्नड. मुसलमान मोहल्ल्यांत दखनी. या सगळ्यांची मुले एका शहरात शाळेत जातात. पाठ्यपुस्तके बालभारती मराठीप्रमाणे कन्नड, तेलुगू, उर्दूतही छापते, तरी तेलुगू घरांतली बरीच मुले मराठी शाळेत येतात, आणि अलीकडे इंग्रजी. घरी तेलुगू, गल्लीत तिन्ही भाषांची मिसळ, वर्गात पुस्तकी मराठी, क्लासला इंग्रजी. या मुलांना पासपोर्ट लागत नाही. शाळेचे फाटक पुरते.

दुसरीतिसरीचा वर्ग डोळ्यांपुढे आणा. बाई विचारतात, ‘आज उशीर का झाला?’ मुलगी उभी राहून सांगते, ‘आई कारखान्यातून उशिरा आलं.’ वर्ग खो खो हसतो. आता, तेलुगूत एकवचनी बाईसाठी आणि वस्तूसाठी सर्वनाम एकच, क्रियापदाचा प्रत्ययही एकच. मुलीने घरच्या व्याकरणाचा नियम इमानाने मराठीला लावला, एवढेच घडले. हे ठाऊक असलेल्या बाई हसणाऱ्यांना थांबवून म्हणतात, ‘तुमच्यापैकी किती जणांना दोन भाषा येतात? हिला येतात.’ ज्यांना हे ठाऊक नाही त्या ‘आलं नाही, आली म्हण’ असे सांगून फळ्याकडे वळतात. दुसऱ्या बाईंनी काही वाईट केले असे कोणी म्हणणार नाही. पण त्या मुलीची आई दिवसभर मांडीवर सूप घेऊन तेंदूच्या पानांत जर्दा भरते, हजाराच्या हिशेबाने विड्या कारखान्यात देते, आणि मुलगी संध्याकाळी त्यांना दोरे बांधते. शाळेत तिच्या या घराचे काय होते, यावर तिचा स्वतःविषयीचा अंदाज ठरत जातो. वर्षभर गप्प बसणारे मूल पुढे ‘अभ्यासात कच्चे’ म्हणून नोंदले जाते.

आत्मसन्मानाच्या शास्त्राची सुरुवात पाहिली तर ती वर्गात झालेली नाही. १८९०मध्ये विल्यम जेम्सने आपल्या मानसशास्त्राच्या ग्रंथात एक साधा भागाकार मांडला: माणसाला मिळालेले यश भागिले त्याने बाळगलेल्या आकांक्षा. उत्तर वाढवायचे तर यश वाढवा, नाहीतर आकांक्षा कमी करा. आपल्याकडे अल्पसंतुष्टतेवर कीर्तने ऐकत आलेल्या लोकांना यात नवीन काही नव्हते. पुढे ॲडलरचा न्यूनगंड आला, आणि तो शब्द मराठीत इतका मुरला की आज खेड्यातला मास्तरही तो सहज वापरतो. खरे मोजमाप १९६०च्या दशकात सुरू झाले. समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या पाच हजारांवर शाळकरी मुलामुलींची पाहणी करून १९६५मध्ये पुस्तक लिहिले. त्यातली दहा विधानांची मोजपट्टी आजही जगभर वापरली जाते. १९६७मध्ये स्टॅनली कूपरस्मिथ यांनी मुलग्यांचा आणि त्यांच्या आयांचा अभ्यास करून सांगितले, की ज्या घरात मूल मनापासून स्वीकारलेले असते, नियम स्पष्ट असतात आणि त्या नियमांच्या आत मुलाच्या मताला मान असतो, तिथे आत्मसन्मान चांगला वाढतो. निष्कर्ष पटण्यासारखा. फक्त ते मुलगे गोरे, मध्यमवर्गीय आणि अमेरिकन होते, आणि ही अट पुढच्या शंभर मार्गदर्शिकांतून गळून गेली.

मग लाट आली. १९६९मध्ये नॅथॅनियल ब्रँडन यांचे पुस्तक गाजले, आणि १९८६मध्ये कॅलिफोर्निया राज्याने तर आत्मसन्मान वाढवण्यासाठी सरकारी कार्यदलच नेमले. गुन्हेगारी, व्यसने, शाळागळती या सगळ्यांवर आत्मसन्मान ही सामाजिक लस ठरेल, अशी कल्पना होती. १९९०मध्ये अहवाल निघाला. शाळांतून मुलांना आरशासमोर उभे करून ‘मी खास आहे’ म्हणायला लावणारे कार्यक्रम सुरू झाले. आपल्याकडच्या ‘तुमचे मूल सर्वोत्तम’ छापाच्या पुस्तकांचे आजोळ हेच. २००३मध्ये रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी सगळे संशोधन एकत्र तपासले, तेव्हा आढळले की आत्मसन्मान वाढवल्याने गुण वाढतात याला फारसा आधार नाही. चांगले गुण मिळाल्याने आत्मसन्मान वाढतो, असे उलटेच घडण्याची शक्यता अधिक. त्याआधी १९९८मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला होता. ‘तू हुशार आहेस’ असे कौतुक झालेली मुले अवघड कोडे आले की लवकर खचली. ‘तू कष्ट घेतलेस’ असे ऐकलेली टिकून राहिली. या प्रयोगाचेही पुढे घोषवाक्य झाले, पण त्याचा दोष संशोधकांना देता येत नाही.

या मुख्य रस्त्यापासून थोडे बाजूला पडलेले एक काम मला सर्वांत मोलाचे वाटते. तेही रोझेनबर्ग यांचेच. १९६२च्या एका निबंधात त्यांनी दाखवले, की आपल्या धर्माची माणसे आसपास नसलेल्या वस्तीत वाढलेल्या मुलांचा आत्मसन्मान, आपल्यांत वाढलेल्या त्याच धर्माच्या मुलांपेक्षा कमी आढळतो. पुढे रॉबर्टा सिमन्स यांच्याबरोबर केलेल्या आणि १९७१मध्ये प्रसिद्ध झालेल्या बाल्टिमोरच्या शाळांच्या अभ्यासात त्यांना आढळले, की कृष्णवर्णीय मुलांचा आत्मसन्मान गोऱ्या मुलांपेक्षा कमी असतो हा समज खरा नाही. त्याआधी केनेथ आणि मेमी क्लार्क यांच्या बाहुल्यांच्या प्रयोगांनी जगाला हलवले होते. काळी मुलेही गोरी बाहुली ‘चांगली’ म्हणून उचलतात हे त्यांनी दाखवले आणि १९५४च्या शालेय विभक्ततेविरुद्धच्या निकालात त्याचा उल्लेख झाला. मग बाल्टिमोरची मुले स्वतःला हीन का समजत नव्हती? कारण ती आपल्यांत राहत होती. आई, शेजारी, वर्गातली मुले यांच्या नजरेने स्वतःला मोजत होती. बाहेरचे जग काय म्हणते हे मुलाला माहीत असणे आणि ते त्याने मनावर घेणे, यांत अंतर आहे. पूर्व भागातल्या आयाबाया हे अंतर राखण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. त्याला कोणी कार्यदल नेमले नव्हते.

दुसऱ्या कपाटाचा इतिहास याच सुमारास सुरू होतो. १९५४मध्ये कालेर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने रिओ दि जानेरोत परदेशी वसलेल्या अमेरिकनांपुढे एक भाषण केले. सांस्कृतिक धक्का ही कल्पना त्या भाषणामुळे घरोघरी पोचली: आधी सगळे नवलाईचे, मग चिडचिड, हळूहळू सवय, शेवटी रुळणे. दुसऱ्याच वर्षी नॉर्वेच्या लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या आपल्या देशबांधवांच्या अनुभवावरून हाच प्रवास खाली जाऊन वर येणाऱ्या वक्ररेषेने दाखवला. मार्गदर्शिकांत आजही ती रेषा असते. खऱ्या माणसांचा प्रवास इतका वळणदार आणि सुबक क्वचितच होतो. कॅनडाचे जॉन बेरी यांनी पुढे चार वाटा सांगितल्या: आपले राखून नवे घेणे, आपले सोडून नव्यात विरघळणे, आपल्यातच राहणे, किंवा दोन्हीकडून तुटणे. यातली पहिली वाट सर्वांत बरी असे संशोधन साधारणपणे सांगते. पण ती निवडणे एकट्या येणाऱ्याच्या हातात नसते; यजमान समाजाने दार किती उघडे ठेवले आहे यावर ते अवलंबून असते, हे बेरींनी स्वतःच बजावले आहे. मार्गदर्शिका हा भाग सहसा गाळतात.

मुलांचा विषय या कपाटात भारतातून गेला, ही गंमत फारशी कोणाला ठाऊक नसते. जॉन आणि रूथ युसीम हे समाजशास्त्रज्ञ दांपत्य १९५०च्या दशकात आपल्या मुलांना घेऊन भारतात राहिले. इथल्या अमेरिकन कुटुंबांकडे पाहताना, घरच्या आणि यजमान संस्कृतीच्या मध्ये तयार होणाऱ्या तिसऱ्या संस्कृतीची कल्पना त्यांना सुचली, आणि रूथ युसीम यांनी तिच्यात वाढणाऱ्या मुलांवर पुढे अनेक वर्षे काम केले. त्यांच्या नजरेसमोर राजदूतांची, मिशनऱ्यांची, कंपनीच्या अधिकाऱ्यांची मुले होती. त्याच वेळी सोलापुरात दोन संस्कृतींच्या मधोमध हजारो मुले वाढत होती. त्यांचे वडील मागावर होते, एवढाच फरक. तो फरक लहान नाही. साहेबाचे मूल दुसऱ्या देशात गेले तर त्याला अनुभवसंपन्न म्हणतात. ऊसतोड कामगाराचे मूल दर दिवाळीनंतर बीडकडून सोलापूर जिल्ह्यातल्या कारखान्यावर आले तर त्याची नोंद ‘शाळाबाह्य’ अशी होते.

आता मराठीकडे. आपल्याकडे बालपणावरचे लेखन सल्ल्यातून सुरू झाले नाही, कथनातून झाले. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’त पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आई शिपटीने झोडपून विहिरीवर पाठवते. आजच्या पालकसभेत हे वाचून दाखवले तर बाल हक्कांवरून वाद होईल, आणि तो व्हावाही. पण लोकांनी आपल्या मुलाला भित्रा म्हणू नये ही आईची तळमळ, आणि पोहून आल्यावर मुलाला मिळणारा आनंद, ही आत्मसन्मानाचीच गोष्ट आहे. कूपरस्मिथच्या भाषेत नियम होते, स्वीकार होता. मताचा मान तेवढा कमी पडला.

ताराबाई मोडक यांचे काम मला याहून पुढचे वाटते. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या ताराबाईंनी १९४५मध्ये बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. वारल्यांची मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात जाईल. ती गुरे राखायला कुरणात जातात, तर शाळा कुरणात जाईल. माँटेसोरीची महागडी साधने बाजूला ठेवून शंख, शिंपले, बिया, पाने यांवर मोजणी शिकवली. मुलाच्या घरात जे आहे ते शिकण्याचे साधन ठरले, की त्या घराची किंमत मुलाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. याच वाटेवर पुढे १९८७मध्ये पुण्यात ‘पालकनीती’ मासिक सुरू झाले, कोल्हापुरात लीलाताई पाटील यांचे सृजन आनंद विद्यालय उभे राहिले. ‘तोत्तोचान’च्या मराठी अनुवादाने तर शिक्षकांची एक पिढी घडवली; पहिल्या शाळेतून काढून टाकलेल्या मुलीचे बोलणे नवे मुख्याध्यापक तासन्‌तास ऐकून घेतात, हा प्रसंग ज्याने वाचला तो विसरत नाही.

आणि फलटण. सोलापूरहून साताऱ्याच्या वाटेवर लागणाऱ्या या गावी मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन बाई आल्या, मराठी शिकल्या, फलटणच्या बोलीवर भाषाशास्त्रातले संशोधन केले, भारतीय नागरिक झाल्या, आणि प्रगत शिक्षण संस्था उभी करून मुलांच्या वाचनलेखनावर दशकानुदशके काम केले. प्रमाण मराठी ज्यांच्या घरात बोलली जात नाही अशा मुलांना वाचायला कसे शिकवावे, हा त्यांचा ध्यास. या पुस्तकाचे दोन्ही विषय एका माणसाच्या आयुष्यात इतके स्पष्ट एकत्र आलेले दुसरे उदाहरण मला दिसत नाही. स्वतः परकी भाषा मोठेपणी शिकलेल्या माणसाला, वर्गात गप्प बसणाऱ्या मुलाचे कोडे लवकर उलगडत असावे.

याच फलटण तालुक्यातले लक्ष्मण माने. त्यांचे ‘उपरा’ १९८०मध्ये आले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी घरातल्या मुलाला शाळा हा परदेशच होता. शरणकुमार लिंबाळे तर आमच्याच जिल्ह्यातले, अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे. १९८४च्या ‘अक्करमाशी’त शाळेत बापाचे नाव सांगण्याची वेळ येते, तेव्हा मुलाच्या आत्मसन्मानाचा सगळा प्रश्न हजेरीपटाच्या एका रकान्यात येऊन बसतो. दया पवारांचे ‘बलुतं’ त्याआधी, १९७८चे. या आत्मकथनांना आपण दलित साहित्य म्हणून वाचतो, ते बरोबरच आहे. पण बालमानसशास्त्राची पुस्तके म्हणून ती बी.एड.च्या वर्गात क्वचितच वाचली जातात. माझ्या मते बालपणीच्या आत्मसन्मानावर मराठीत याहून सखोल लेखन झालेले नाही, आणि परक्या संस्कृतीत शिरण्यावरही नाही. दोन्ही कपाटांत ही पुस्तके नसतात.

सोलापूरच्या सेटलमेंटचा उल्लेख इथे टाळता येत नाही. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला, आणि इंग्रजांनी सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत केली. आत हजेरी, बाहेर जायला परवानगी. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती कायद्याने मुक्त झाल्या. ‘सेटलमेंट’ हे वस्तीचे नाव मात्र टिकले. एखाद्या मुलाने पत्ता सांगितला की ऐकणाऱ्याची नजर बदलते, याला मुलाच्या मनावर उपचार हे उत्तर नाही. आत्मसन्मानाची विलायती पुस्तके इथे हतबल होतात, कारण त्यांनी दुखणे मुलाच्या आत शोधले आणि कायदा बाहेर होता.

देश सोडून गेलेल्यांचे मराठी लेखनही जुने आहे. १८८३मध्ये पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या तेव्हा मुलगी मनोरमा दोन वर्षांची होती. वाँटेजच्या मठातल्या भगिनींच्या सहवासात ती वाढू लागली, आणि तिला काय शिकवावे, कोणत्या रीतीने वाढवावे यावरून रमाबाई आणि त्या भगिनी यांच्यात पत्रांतून कडाक्याचे वाद झाले. आज अमेरिकेत रविवारच्या मराठी शाळेत मुलांना सोडायला जाणाऱ्या आईबापांनी ती पत्रे जरूर वाचावीत. आपला पेच आपणच शोधून काढला, हा समज दूर होईल. कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलींची गोष्ट आणखी वेगळी. ती माणसे स्वतःच्या धर्माच्या देशात गेली होती, तरी तिथे पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळवायला त्यांना १९६४पर्यंत झगडावे लागले. त्यांच्या मुलांनी हिब्रूत शाळा शिकली आणि थोरांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. उत्तर अमेरिकेत १९८१मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. तिथले ‘एकता’ त्रैमासिक चाळले तर आधी आठवणींचा हुंदका, मग मुलांच्या मराठीची चिंता आणि आता नातवंडांच्या लग्नांविषयीची समजूतदारी असा स्वर बदलत गेलेला दिसतो. या लेखनाचा एक दोष सांगायलाच हवा: मुलांविषयी खूप आहे, मुलांनी लिहिलेले कमी.

सोलापूरकराला परदेशात रुजण्याचा विषय काढला की एकच नाव आठवते, आणि ते योग्यच आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जन्म १० ऑक्टोबर १९१०. १९३८मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. बाकीचे परतले, ते राहिले. चिनी बोलायला शिकले, त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले, डॉ. बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, ग्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केले. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्याने गेले, वय अवघे ३२. शांतारामबापूंच्या १९४६च्या चित्रपटाने ही कहाणी देशभर नेली. त्या हौतात्म्याच्या झळाळीत एक साधी गोष्ट झाकली जाते: चार वर्षांत एका माणसाने परक्या देशाची भाषा, अन्न, थंडी, युद्ध, नातेवाईक इतके आपलेसे कसे केले? त्यांच्या बालपणातून याचे उत्तर काढण्याचा मोह होतो, पण तसे करायला पुरेसा पुरावा नाही आणि या पुस्तकात आम्ही ते केलेले नाही. मला मात्र त्यांच्या मुलाविषयी जास्त वाटते. यिनह्वा, नावातच भारत आणि चीन दोन्ही. वडील गेले तेव्हा तो चार महिन्यांचाही नव्हता. तो वैद्यकीय शिक्षण घेत असताना १९६७मध्ये वारला. मधे १९६२चे युद्ध झाले. भारतीय बापाचा चिनी मुलगा त्या वर्षी शाळा-कॉलेजात कसा वावरला असेल? बापावर चित्रपट आहे, पुस्तके आहेत, स्मारक आहे. मुलाच्या वाट्याला ओळी आल्या.

हे सगळे आता वाचायचे कारण डोळ्यांसमोर आहे. चादरीचे माग बंद पडत गेले तशी पूर्व भागातली शिकलेली मुले आधी पुण्याला, मग बेंगळुरूला आणि तिथून बाहेर गेली. २००६मध्ये कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत झाली, जानेवारी २०२४मध्ये रे नगरची पंधरा हजार घरे वाटली गेली. घर हक्काचे झाले, मुलांची शाळा, गल्ली, सवंगडी बदलले. हेही स्थलांतरच, भले दहा-बारा किलोमीटरचे असो. आणि सर्वांत मोठे स्थलांतर तर जागेवरून न हलता चालले आहे. ज्याच्या घरात कोणी इंग्रजी बोलत नाही असे मूल इंग्रजी शाळेत बसते, आणि पालकसभेला आई गप्प उभी राहते. मुलाला त्या क्षणी आईची लाज वाटली, तर तो दोष मुलाचा नाही. पण ती लाज कोणीतरी ओळखायला हवी, आणि गुणपत्रकात तिच्यासाठी रकाना नसतो.

या संग्रहात शिक्षकांनी, पालकांनी, समुपदेशकांनी आणि परदेशी वाढलेल्या काही तरुणांनी आपापल्या वाचनातल्या पुस्तकांवर लिहिले आहे. ही ग्रंथसूची नव्हे आणि परीक्षणांचा गठ्ठाही नव्हे. प्रत्येकाला आम्ही एकच विनंती केली होती: पुस्तकाचा सारांश नको, हे पुस्तक हाती घेऊन तुमच्या वर्गात, घरात, वस्तीत काय जमले आणि काय जमले नाही ते सांगा. त्यामुळे मते एकमेकांना छेदतात. घरची भाषा घरात कटाक्षाने बोला असे एक आई सांगते. त्या कटाक्षापायीच आपण मराठीला वैतागलो, असे परदेशात वाढलेला एक मुलगा दुसरीकडे म्हणतो. आम्ही दोन्ही ठेवले आहे. यशस्वी मुलांच्या सात सवयी, दहा मंत्र असली पुस्तके जाणूनबुजून गाळली. कौतुकाचा डोस पाजणारीही फारशी घेतली नाहीत. उलट आत्मकथने, कादंबऱ्या, पत्रे यांना मानसशास्त्राच्या ग्रंथांच्या बरोबरीने जागा दिली, कारण मुलाच्या बाजूने बोलणारे लेखन तिथेच सापडते.

उणीव मोठी आहे आणि ती सांगून टाकतो. सोलापुरातल्या तेलुगू, कन्नड आणि उर्दू वाचकांनी आपल्या भाषांतून या विषयावर जे वाचले, त्यातले फार थोडे आमच्यापर्यंत पोचले. शाळेत शिकवणाऱ्या, मुले वाढवणाऱ्या, किंवा अशा घरांत स्वतः वाढलेल्या वाचकांनी त्यांना उपयोगी पडलेल्या पुस्तकांची नावे प्रकाशकांकडे कळवावीत, आणि जमल्यास चार पाने लिहूनही पाठवावीत. लेखनाची भाषा कोणतीही चालेल. पुढच्या आवृत्तीत ती पाने याच पुस्तकात येतील.